गावातली इमर्जन्सी आणि तिथे लागणारं इंग्रजी: फोनपासून रेफर चिठ्ठीपर्यंत कसं शिकायचं

आधी एक गोष्ट क्लिअर करते, १०८ ला फोन करायला इंग्रजी लागत नाही. बिनधास्त मराठीत बोला, तिकडूनही मराठीतच विचारतात की गाव कुठलं, तालुका कुठला, जवळची खूण काय, पेशंट शुद्धीवर आहे का. इंग्रजी आडवं येतं ते त्याच्या पुढे. गाडीतले डॉक्टर हॉस्पिटलला फोनवर काय सांगतायत, केसपेपरवर काय लिहिलंय, मॉनिटरवरचा कुठला आकडा कशाचा, फवारणीच्या डब्यावरचं लेबल, रेफर चिठ्ठी, आणि मोठ्या शहरात पोचल्यावर समोरचा रेसिडेंट डॉक्टर बाहेरच्या राज्यातला निघाला तर त्याच्याशी बोलणं.

मी ग्रामीण रुग्णालयात कॅज्युअल्टीला काम करते, त्यामुळे हे लिहिताना डोळ्यासमोर आशाताई आहेत, एएनएम-जीएनएम हे नर्सिंगचे कोर्स करणाऱ्या मुली आहेत, इमर्जन्सी टेक्निशियनचा कोर्स करणारी पोरं आहेत, गाडीचे पायलट आहेत (१०८ वर ड्रायव्हरला पायलटच म्हणतात) आणि गावातला तो एक हुशार भाचा पण आहे ज्याला प्रत्येक पेशंटबरोबर पाठवलं जातं, कारण "त्याला इंग्लिश येतं".

डिक्शनरी घेऊन ए पासून पाठ करायला बसू नका, तिसऱ्या दिवशी कंटाळा येतो आणि शब्द एकमेकांशी जोडले जात नाहीत. ज्या क्रमाने इमर्जन्सी घडते त्याच क्रमाने शब्द घ्या. आधी तक्रार, मग आकडे, मग आपल्या भागात नेहमी येणाऱ्या केसेस, मग कागद, आणि शेवटी बोलणं. एवढं नीट केलं तर दोन-अडीचशे शब्दांत बरंचसं काम भागतं.

पायरी १: गावाकडची तक्रार इंग्रजीत नेणं

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. कारण पुस्तकात "चेस्ट पेन" असतं, आणि आपल्याकडे माणूस कधीच सरळ छातीत दुखतंय म्हणत नाही. तो म्हणतो "घाबरल्यासारखं होतंय". याचं इंग्रजी करताना भीतीचा शब्द वापरला तर समोरच्याला वाटणार पेशंट टेन्शनमध्ये आहे. इथे आधी मराठीतच खोदून विचारायचं. छातीत धडधडतंय का? मग ते पाल्पिटेशन. अंधारी येते का? मग गिडीनेस. मळमळतंय का? नॉशिया. दम लागतोय का? ब्रेथलेसनेस. आणि काहीच नीट सांगता येत नसेल, घाम फुटलाय, चेहरा उतरलाय, तर अनईझीनेस विथ स्वेटिंग. हे शेवटचे तीन शब्द ऐकले की कुठलाही डॉक्टर ईसीजी काढायला सांगतो, म्हणून ते नीट पाठ असू द्या. "गॅस झालाय" म्हणणाऱ्या पन्नाशीच्या माणसालाही हेच प्रश्न विचारा, पोटाच्या वरच्या भागात दुखत असेल तर एपिगॅस्ट्रिक पेन म्हणा, स्वतःच ॲसिडिटी ठरवून मोकळे होऊ नका.

पित्ताचं पण तसंच. "पित्त झालंय" म्हणजे ॲसिडिटी, पण "अंगावर पित्त उठलंय" म्हणजे अर्टिकेरिया किंवा साध्या भाषेत रॅश विथ इचिंग, आणि त्यात ओठ सुजले, दम लागला तर ती ॲलर्जिक रिॲक्शन, तिचं गंभीर रूप म्हणजे ॲनाफिलॅक्सिस. मधमाश्या चावल्यावर किंवा इंजेक्शननंतर हे होऊ शकतं, आणि तिथे मिनिटं मोजली जातात.

आणखी काही रोजचे. घोळणा फुटला म्हणजे एपिस्टॅक्सिस, पण नोज ब्लीड म्हटलं तरी चालतं. हातापायाला मुंग्या म्हणजे टिंगलिंग, बधिर झालं म्हणजे नंबनेस, जोरच नाही म्हणजे वीकनेस, आणि हे तीन वेगळे आहेत बरं का, सगळ्याला वीकनेस म्हणू नका. पोटात कळ येऊन जाते, परत येते, ते कॉलिकी पेन. आकडी, झटके, फिट हे सगळं कागदावर कन्व्हल्शन किंवा सीझर होतं, आणि त्यावेळी तोंडाला फेस आला तर फ्रॉथिंग, जीभ चावली गेली तर टंग बाइट. दातखीळ बसणं झटक्यात पण होतं आणि धनुर्वातात पण होतं, म्हणून दातखीळ म्हणजे थेट टेटॅनस असं भाषांतर करू नका. जे दिसतंय तेवढंच सांगायचं, क्लेन्च्ड टीथ. धनुर्वाताच्या दातखिळीला लॉकजॉ म्हणतात.

"अटॅक आला" हा शब्द तर गावात सगळ्यालाच लावतात. हार्ट अटॅक वेगळा, ब्रेन स्ट्रोक म्हणजे लकवा वेगळा, अस्थमाचा अटॅक वेगळा, पॅनिक अटॅक वेगळा. नुसतं अटॅक कधी बोलू नका. लकव्यासाठी फास्ट हे चार अक्षरांचं सूत्र पाठ करा. फेस म्हणजे तोंड वाकडं, आर्म म्हणजे हात वर राहत नाही, स्पीच म्हणजे बोलणं जड किंवा तोतरं, आणि टाइम म्हणजे हे कधी सुरू झालं. टाइमला सगळ्यात जास्त किंमत आहे, कारण गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. म्हणून "लास्ट सीन नॉर्मल ॲट नाइन पीएम" हे वाक्य जसंच्या तसं शिकून ठेवा. सकाळी उठल्यावर तोंड वाकडं दिसलं तर सुरुवात सकाळी झाली असं धरत नाहीत, रात्री शेवटचं कधी चांगलं बघितलं ते विचारतात.

शुद्धीच्या बाबतीत पण चार-पाच पायऱ्या आहेत आणि त्या गोंधळल्या की पुढचा सगळा अंदाज चुकतो. कॉन्शस अँड ओरिएंटेड म्हणजे शुद्धीवर आहे, नाव-गाव-वेळ नीट सांगतोय. डिसओरिएंटेड म्हणजे जागा आहे पण बडबडतोय. ड्राउझी म्हणजे ग्लानीत, हाक मारली की डोळे उघडतो. अनकॉन्शस म्हणजे हाकेला नाही, चिमट्यालाही नाही. गाडीत यासाठी एव्हीपीयू वापरतात, अलर्ट, व्हर्बल, पेन, अनरिस्पॉन्सिव्ह, ते सोपं आहे.

पायरी २: आकडे

व्हायटल्स म्हणजे पल्स, बीपी, रेस्पिरेटरी रेट, टेम्परेचर आणि सॅच्युरेशन (रक्तातला ऑक्सिजन). मोठ्या माणसाची पल्स साठ ते शंभर, श्वास मिनिटाला बारा ते वीस, सॅच्युरेशन पंच्याण्णवच्या वर, एवढं डोक्यात पक्कं ठेवा म्हणजे मॉनिटर वाचता येतो. जास्त म्हणजे टॅकी, कमी म्हणजे ब्रॅडी. टॅकीकार्डिया म्हणजे पल्स जास्त, ब्रॅडीकार्डिया म्हणजे कमी, टॅकीप्निया म्हणजे श्वास भराभर. शुगरला आपल्याकडे कागदावर बीएसएल लिहितात, सत्तरच्या खाली म्हणजे हायपोग्लायसेमिया.

आता खरी अडचण. हायपो आणि हायपर फोनवर, त्यातही घाटात रेंज तुटत असताना, सेम ऐकू येतात. एकात साखर द्यायची आणि दुसऱ्यात अजिबात नाही. म्हणून तोंडी बोलताना लो शुगर, हाय शुगर असंच म्हणा, आणि आकडा सांगा. आकड्याचं पण तेच, फिफ्टीन आणि फिफ्टी, थर्टीन आणि थर्टी. एकेक अंक सुटा म्हणायची सवय लावा, "बीएसएल फाइव्ह झिरो, फिफ्टी". पल्स वन वन झिरो. थोडं पोलिसांच्या वायरलेससारखं वाटतं, पण चूक होत नाही.

लेफ्ट-राइट म्हणजे पेशंटचा लेफ्ट-राइट, तुमच्या समोरून दिसणारा नाही. हे कोणी सांगत नाही आणि नवीन मुलं हमखास इथेच अडकतात.

जीसीएस हा डोक्याला मार लागल्यावरचा स्कोअर, जास्तीत जास्त पंधरा, कमीत कमी तीन. शून्य कधीच नसतो. ई फोर, व्ही फाइव्ह, एम सिक्स असं लिहिलेलं दिसलं की समजा सगळं ठीक आहे, डोळे, बोलणं आणि हालचाल तिन्हीला पूर्ण मार्क.

पायरी ३: आपल्या भागातल्या केसेस

शहरातल्या कोर्सच्या नोट्समध्ये हे प्रकरण दोन पानांत उरकतात, आपल्याला तेच रोज लागतं.

साप. नाग म्हणजे कोब्रा, मण्यार म्हणजे क्रेट, घोणस म्हणजे रसेल्स व्हायपर, फुरसं म्हणजे सॉ-स्केल्ड व्हायपर. आपल्याकडचं एएसव्ही, म्हणजे अँटी स्नेक व्हेनम, या चारही जातींवर मिळून एकच असतं, त्याला पॉलिव्हॅलंट म्हणतात, त्यामुळे साप ओळखता आला नाही तरी उपचार अडत नाही आणि साप मारून आणायची गरज नाही. जे सांगायचं ते हे: टाइम ऑफ बाइट, साइट ऑफ बाइट, सूज कुठपर्यंत चढली, हिरड्यातून किंवा लघवीतून रक्त आहे का, पापण्या पडतायत का. पापण्या पडणं याला टोसिस म्हणतात, इंग्रजी स्पेलिंग पी पासून सुरू होतं पण पी बोलायचा नाही, न्यूमोनियासारखंच. नाग-मण्यारचं विष न्यूरोटॉक्सिक म्हणजे मज्जातंतूंवर परिणाम करणारं, घोणस-फुरशाचं हिमोटॉक्सिक म्हणजे रक्तावर. दवाखान्यात ट्वेंटी मिनिट होल ब्लड क्लॉटिंग टेस्ट म्हणतात ती अगदी साधी आहे, कोरड्या स्वच्छ काचेच्या नळीत रक्त घेऊन वीस मिनिटं न हलवता ठेवतात आणि मग तिरकी करून बघतात, गोठलं नसेल तर विष रक्तात भिनलंय.

मण्यारीचं एक लक्षात ठेवा. ती रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, कित्येकदा खूणही दिसत नाही, दुखतही नाही. माणूस पहाटे उठतो तो पोटात दुखतंय म्हणत. त्यामुळे पावसाळ्यात "अर्ली मॉर्निंग पेन इन ॲबडोमेन, स्लेप्ट ऑन फ्लोअर, ड्रूपिंग आयलिड्स" ही तीन वाक्यं एकत्र आली तर डॉक्टरचे कान टवकारले जातात. कागदावर अननोन बाइट लिहिलेलं असेल तर चावल्याचा संशय आहे पण कशाने ते माहीत नाही.

विंचवाचं कोकणात जास्त. स्कॉर्पियन स्टिंग, बाइट नाही, कारण तो नांगी मारतो. लाल विंचवावर प्राझोसिन हे औषध वापरात आणण्याचं काम महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी केलं. त्या केसमध्ये प्रोफ्यूज स्वेटिंग, कोल्ड एक्स्ट्रीमिटीज म्हणजे हातपाय गार, आणि पल्मनरी इडिमा म्हणजे फुफ्फुसात पाणी, हे शब्द कानावर येतील.

औषध. इथे मराठीच फसवते. गावात "त्याने औषध प्यायलं" म्हटलं की सगळ्यांना बरोबर कळतं की फवारणीचं. पण हेच कोणी इंग्रजीत "ही टुक मेडिसिन" असं सांगितलं तर बाहेरगावच्या डॉक्टरला वाटणार बीपीची गोळी घेतली असेल. बोलायचं "पॉयझन कन्झम्प्शन" किंवा "इन्जेशन ऑफ पेस्टिसाइड", आणि फवारताना अंगावर-नाकात गेलं असेल तर "ॲक्सिडेंटल एक्स्पोजर ड्युरिंग स्प्रेइंग". २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर दगावले होते, तेव्हापासून हा प्रश्न कोणी हलक्यात घेत नाही. डबा किंवा निदान लेबल बरोबर न्या. लेबलवर रंगीत चौकोन असतो, लाल सगळ्यात विषारी, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. त्यावर अँटिडोट असं लिहिलेलं असतं त्याच्यापुढे उतारा दिलेला असतो. ऑर्गनोफॉस्फेट असेल तर कागदावर ओपी पॉयझनिंग येतं, त्यात पिनपॉइंट प्यूपिल्स म्हणजे बाहुल्या टाचणीएवढ्या, सॅलिव्हेशन म्हणजे लाळ गळणं, आणि उतारा म्हणून ॲट्रोपिन. धान्यात ठेवायच्या सल्फासच्या गोळ्या वेगळ्या, त्या ॲल्युमिनियम फॉस्फाइड, त्यावर उतारा नाही, म्हणून कुठली वस्तू होती ते सांगणं फार महत्त्वाचं.

बाळंतपण. आशाताईंना हे माझ्यापेक्षा जास्त येतं, त्यामुळे थोडक्यात. पहिलटकरीण म्हणजे प्रायमी. जी टू पी वन एल वन म्हणजे दुसऱ्यांदा गरोदर, आधीची एक डिलिव्हरी, एक मूल हयात. पाणी गेलं म्हणजे लीकिंग पीव्ही, अंगावरून रक्त म्हणजे ब्लीडिंग पीव्ही. पायाळू म्हणजे ब्रीच. बाळंतपणानंतर जास्त रक्तस्राव म्हणजे पीपीएच, साधारण पाचशे एमएलच्या वर. गरोदरपणात बीपी वाढून झटके आले तर एक्लॅम्प्शिया. आणि पोटात बाळाने शी केली असेल तर मेकोनियम, त्या कागदावर एमएसएल लिहिलेलं दिसतं.

ॲक्सिडेंट. आरटीए म्हणजे रोड ट्रॅफिक ॲक्सिडेंट. खरचटलं म्हणजे ॲब्रेजन, फाटलेली जखम सीएलडब्ल्यू म्हणून लिहितात, मुका मार म्हणजे कंट्युजन. मदत करणाऱ्याला कायद्यात गुड समॅरिटन म्हणतात, २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातल्या दुरुस्तीनंतर कलम १३४ अ मध्ये त्याला संरक्षण आहे, स्वतःचं नाव सांगायची सक्ती करता येत नाही. हे गावातल्या पोरांना सांगा, पोलीस केसच्या भीतीने लोक अजूनही गाडी थांबवत नाहीत.

पायरी ४: कागद वाचणं

रेफर चिठ्ठी म्हणजे निम्मी शॉर्टफॉर्म असते. उच्चाराप्रमाणे लिहिते:

"सिक्स्टी टू इयर्स मेल, के सी ओ एचटीएन अँड डीएम, सी ओ चेस्ट पेन सिन्स टू आवर्स, स्वेटिंग प्लस. ईसीजी, एसटी एलिव्हेशन इन इन्फिरियर लीड्स. लोडिंग डोस गिव्हन. रेफर्ड टू हायर सेंटर फॉर फर्दर मॅनेजमेंट. रिलेटिव्हज एक्सप्लेन्ड."

के सी ओ म्हणजे आधीपासून माहीत असलेला आजार, नोन केस ऑफ, इथे बीपी आणि शुगर. सी ओ म्हणजे तक्रार, कम्प्लेन्स ऑफ. एच ओ दिसलं तर हिस्ट्री ऑफ, म्हणजे असं असं घडलं. एसटी एलिव्हेशन म्हणजे ईसीजीवर दिसणारी हार्ट अटॅकची मोठी खूण, लोडिंग डोस म्हणजे रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचा पहिला मोठा डोस दिलाय, पुढच्या दवाखान्यात परत देऊ नये म्हणून तो लिहिलेला असतो. रिलेटिव्हज एक्सप्लेन्ड म्हणजे नातेवाईकांना धोका समजावून सांगितला. इथे सही करण्याआधी खरंच समजलं का ते विचारा.

अपघाताच्या कागदावर एक ठरलेली ओळ असते, "नो एच ओ एलओसी, व्हॉमिटिंग, ईएनटी ब्लीड, कन्व्हल्शन". म्हणजे बेशुद्ध झाला नाही, उलटी नाही, नाक-कान-घशातून रक्त नाही, झटके नाहीत. आणि तुम्ही स्वतः वेगळं बघितलं असेल, म्हणजे रस्त्यावर तो दोन मिनिटं बेशुद्ध होता, तर तिथल्या तिथे सांगा.

आणखी काही, जे नातेवाईकांना घाबरवतात किंवा उगाच धीर देतात. एनबीएम म्हणजे तोंडाने काही द्यायचं नाही, पाणीसुद्धा नाही. स्टॅट म्हणजे आत्ताच्या आत्ता. ओडी म्हणजे दिवसातून एकदा, बीडी दोनदा, टीडीएस तीनदा. एमएलसी म्हणजे पोलिसांना कळवायची केस. गार्डेड प्रोग्नोसिस म्हणजे सांगता येत नाही. स्टेबल म्हणजे बरा झाला असं नाही, आत्ता या क्षणी आकडे टिकून आहेत एवढंच. डामा किंवा लामा दोन्ही एकच, डॉक्टरच्या सल्ल्याविरुद्ध स्वतःच्या जबाबदारीवर नेतोय. त्या कागदावर मराठीत सही घेतली तरी वरचं इंग्रजी वाचून घ्या.

कुठून कुठे रेफर झालं ते पण कळायला हवं. सब सेंटर, मग पीएचसी (सपाट भागात साधारण तीस हजार लोकसंख्येमागे एक, डोंगरी-आदिवासी भागात वीस हजारांमागे), मग आरएच म्हणजे ग्रामीण रुग्णालय, एसडीएच म्हणजे उपजिल्हा, मग सिव्हिल म्हणजे जिल्हा रुग्णालय. गाडीचं पण, बीएलएस म्हणजे बेसिक लाइफ सपोर्ट आणि एएलएस म्हणजे ॲडव्हान्स्ड, ज्यात व्हेंटिलेटर, डिफिब्रिलेटर असतं. महाराष्ट्रात २०१४ ला १०८ ची सेवा सुरू झाली तेव्हा ९३७ गाड्यांपैकी २३३ च एएलएस होत्या, म्हणून "एएलएस पाहिजे" हे फोनवर सुरुवातीलाच, कारणासहित सांगावं. १०२ ची गाडी गरोदर माता आणि बाळांसाठी.

पायरी ५: तोंडाने बोलणं

हँडओव्हर म्हणजे पेशंट सोपवताना तीस-चाळीस सेकंदांत सांगायची गोष्ट. व्याकरण विसरा, तिथे कोणी पूर्ण वाक्य बोलतच नाही. वय, काय झालं, कधी झालं, आत्ता कसा आहे, काय दिलं. या पाच गोष्टी याच क्रमाने:

"सर, फॉर्टी फाइव्ह इयर मेल, स्नेक बाइट ओव्हर राइट फूट, अराउंड सेव्हन पीएम. स्वेलिंग अप टू नी, ब्लीडिंग फ्रॉम गम्स. कॉन्शस, ओरिएंटेड. बीपी हंड्रेड बाय सेव्हंटी, पल्स वन वन झिरो. टेन व्हायल्स एएसव्ही गिव्हन ॲट पीएचसी, नो रिॲक्शन."

हे मोठ्याने म्हणा, मोबाइलवर व्हॉइस नोट करून ऐका. नुसतं मनात वाचून काही होत नाही, जीभ वळायला पाहिजे. मग त्याच साच्यात विषबाधा घाला, मग पीपीएच, मग स्ट्रोक. दोघी-तिघींचा व्हॉट्सॲप ग्रुप करून रोज एकीने मराठीत केस टाकायची आणि बाकीच्यांनी इंग्रजीत व्हॉइस नोटने हँडओव्हर द्यायचा, यासारखा सराव दुसरा नाही. सरावाला घरातले जुने डिस्चार्ज कार्ड वापरा, दुसऱ्याच्या पेशंटचे फोटो नाव न झाकता ग्रुपवर टाकू नका. आणि डॉक्टरांचं अक्षर मोबाइलच्या कॅमेऱ्याने भाषांतर करायच्या भानगडीत पडू नका, छापील लेबलला ते ठीक आहे, हाताने लिहिलेल्या औषधाच्या नावाला नाही, त्यापेक्षा सरळ सिस्टरला विचारा.

फोनवर ऑर्डर घेताना समजलं नाही तर "सॉरी सर, प्लीज रिपीट" म्हणायची लाज वाटू देऊ नका. आणि समजलं तरी परत म्हणून दाखवा, औषधाचं नाव, डोस, कुठून द्यायचं. ॲट्रोपिन आणि ॲड्रेनलिन गाडीच्या आवाजात अगदी एकसारखे ऐकू येतात, म्हणून "सर, ॲट्रोपिन, ए टी आर, बरोबर?" असं स्पेलिंगसकट विचारायचं आणि मग ॲम्प्यूलवरचं नाव शेजारच्याला मोठ्याने वाचायला लावायचं.